साठ दिवसांची बंदी आणि वीस वर्षांची फवारणी : भारतातील कीटकनाशक कायदा आणि कासरगोड

आधुनिक शेतीचे पर्यावरणावर झालेले परिणाम हा विषय बहुतेक पाठ्यपुस्तकांत यादीच्या रूपाने येतो. जमिनीचा कस गेला, पाणी दूषित झाले, मित्रकीटक मेले, किडींमध्ये प्रतिकारशक्ती आली, माणसांना आजार झाले. ही यादी खरी आहे, पण ती इतिहास नाही. हे परिणाम कोणी, केव्हा आणि कसे ओळखले, ओळखल्यावर ते मान्य व्हायला किती काळ गेला आणि तो काळ का गेला, हे विचारले की इतिहास सुरू होतो. या पाठात आपण हा प्रश्न भारतातील एका जिल्ह्याच्या आणि एका कायद्याच्या आधारे पाहणार आहोत. जिल्हा केरळच्या उत्तर टोकाचा कासरगोड आणि कायदा १९६८ चा कीटकनाशक कायदा.

पाठाचे मुख्य म्हणणे आधीच सांगून ठेवतो. भारताचा कीटकनाशक कायदा एका विषबाधेतून जन्माला आला. त्यामुळे विष म्हणजे अचानक घडणारा अपघात, ही कल्पना त्याच्या रचनेतच बसली. सावकाश, थोडेथोडे आणि पिढीभर होणारे नुकसान पाहण्याची नजर त्याला नव्हती. कासरगोडला हीच उणीव भोवली.

डीडीटीपासून हरितक्रांतीपर्यंत

डीडीटी या रसायनाचा कीटकनाशक गुण स्विस शास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधला. १९४८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. स्वातंत्र्यानंतरच्या भारतात हे औषध प्रथम आले ते मुख्यतः हिवतापाच्या डासांसाठी. १९४७ च्या सुमारास देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि जवळपास आठ लाख माणसे दगावत, असा त्या वेळचा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली. हे यश पाहिलेल्या पिढीला डीडीटीचा डबा संकट वाटला नाही, यात आश्चर्य नाही. आजच्या विद्यार्थ्याने त्या पिढीला अडाणी ठरवण्याआधी हा आकडा लक्षात ठेवावा. अर्थात पुढचा आकडाही तितकाच लक्षात ठेवावा : १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. त्याला कार्यक्रमातली ढिलाई जशी कारण होती, तशीच डासांमध्ये आलेली प्रतिकारशक्तीही होती.

देशातील पहिला मोठा कीटकनाशक कारखाना १९५२ मध्ये कोलकात्याजवळ रिश्रा येथे निघाला. तेथे बीएचसी तयार होई. १९५४ मध्ये हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. म्हणजे हरितक्रांतीच्या बारा-चौदा वर्षे आधीच हा उद्योग उभा राहिला होता. १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आले आणि गव्हाचे उत्पादन चार-पाच वर्षांत एक कोटी २० लाख टनांच्या आसपास होते ते दोन कोटी टनांवर गेले. नव्या वाणांना खत आणि पाणी भरपूर लागे. दाट, हिरव्यागार, एकसारख्या पिकावर कीडही तशीच येई. त्यामुळे बियाणे, खत आणि औषध हे तिन्ही एकाच संचाचे भाग म्हणून शेतकऱ्यापर्यंत पोहोचले. मराठीत आपण कीटकनाशकाला सर्रास 'औषध' म्हणतो. कृषी सेवा केंद्रात जाऊन कोणी विष मागत नाही. या एका शब्दावरून त्या काळाचा विश्वास समजतो.

१९५८ : पीठ आणि पॅराथिऑन

एप्रिल-मे १९५८ मध्ये केरळात अनेक ठिकाणी लोकांना जेवणानंतर थोड्याच वेळात उलट्या, घाम, आचके आणि श्वास कोंडणे असा त्रास सुरू झाला. शंभराहून अधिक माणसे मेली. चौकशीत कारण सापडले ते असे : मुंबईहून जहाजाने आलेल्या गव्हाच्या पिठासोबत त्याच जहाजात 'फॉलिडॉल' या नावाने विकले जाणारे पॅराथिऑन हे कीटकनाशकही होते. ते गळले आणि पिठात मिसळले. पॅराथिऑन हे सेंद्रिय फॉस्फरस गटातील रसायन. मज्जातंतूंचे संदेश थांबवणाऱ्या विकराला ते निकामी करते, म्हणून परिणाम काही तासांत दिसतो.

या घटनेच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमण्यात आला. पुढे कीटकनाशकांच्या प्रश्नावर तज्ज्ञांच्या समित्याही बसल्या आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, संसदेने कीटकनाशक कायदा केला. त्याचे नियम १९७१ मध्ये आले आणि त्याच वर्षी तो प्रत्यक्ष लागू झाला. शंभर माणसांच्या मृत्यूनंतर कायदा अमलात यायला तेरा वर्षे लागली.

कायद्याने काय केले? केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती स्थापन केली. समितीकडे नोंदणी झाल्याशिवाय कोणतेही कीटकनाशक आयात करायचे नाही किंवा बनवायचे नाही, असा दंडक घातला. डब्यावर विषाच्या तीव्रतेप्रमाणे रंगीत खूण सक्तीची केली : सर्वांत जहाल त्याला लाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. अन्नपदार्थांशी संपर्क येईल अशा रीतीने कीटकनाशक वाहून न्यायचे नाही किंवा साठवायचे नाही, असाही नियम केला. हा नियम वाचताना १९५८ चे ते जहाज डोळ्यांसमोर येते. जुन्या कायद्यांचा अभ्यास करताना ही पद्धत उपयोगी पडते. एखादे कलम विचित्र वाटले की ते कोणत्या घटनेला उत्तर म्हणून लिहिले गेले असेल, हे शोधावे.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या तीन गोष्टी. पहिली, कायद्याचा उद्देश माणसे आणि प्राणी यांना होणारा धोका टाळणे असा सांगितला आहे. पर्यावरण हा शब्द त्या उद्देशात नाही. ते स्वाभाविकही होते. राचेल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ मध्ये आले होते, पण स्टॉकहोमची पर्यावरण परिषद १९७२ ची आणि आपला पर्यावरण संरक्षण कायदा भोपाळनंतरचा, १९८६ चा. (भोपाळचा तो कारखाना कीटकनाशकाचा होता, हे अनेकदा विसरले जाते. तेथे कार्बारिल बनत असे आणि २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुटलेला वायू त्याच्याच कच्च्या मालाचा होता.)

दुसरी गोष्ट हवाई फवारणीच्या नियमाची. किमान २४ तास आधी लोकांना सूचना द्यावी, फवारणीचे क्षेत्र आखून घ्यावे, संबंध नसलेल्या माणसांना व जनावरांना ठरावीक काळ त्या क्षेत्रात येऊ देऊ नये. हा नियम वाईट नाही. पण फवारायची जागा आणि राहायची जागा वेगवेगळ्या आहेत, असे त्यात गृहीत धरले आहे.

तिसरी गोष्ट कलम २७ ची. एखाद्या कीटकनाशकामुळे धोका आहे असे सरकारला वाटले, तर चौकशी होईपर्यंत त्याची विक्री, वाटप वा वापर जास्तीत जास्त ६० दिवस थांबवता येतो. चौकशी अपुरी राहिली तर आणखी ३० दिवस. राज्य सरकारच्या हातात एवढेच. नोंदणी देणे आणि रद्द करणे केंद्राकडे. पीठ विषारी निघाले, दुकानातला माल थांबवला, तपासला, निकाल लागला : अशा प्रसंगाला ६० दिवस पुरेसे आहेत.

काजूच्या बागा आणि खालची गावे

कासरगोडचा भूभाग कोकणातल्या वाचकाला ओळखीचा वाटेल. वर जांभ्याचे सडे, खाली चिंचोळ्या दऱ्या, दऱ्यांत सुपारी-नारळाच्या बागा आणि घरे. येथे पाणी काढण्याची एक जुनी रीत आहे, सुरंगम. जांभ्याच्या डोंगराच्या पोटात आडवा बोगदा खणतात आणि पाझरणारे पाणी उताराने घरापर्यंत आणतात. म्हणजे सड्यावर जे पडेल ते झिरपत झिरपत खालच्या माणसाच्या हंड्यात येणार. सडा आणि घर यांच्यात कागदावर सीमारेषा काढता येते, पाण्याला ती लागू होत नाही.

या सड्यांवर १९६० च्या दशकात राज्याच्या कृषी विभागाने काजू लावला. पुढे त्या बागा केरळ बागायत महामंडळ या सरकारी कंपनीकडे आल्या. क्षेत्र सुमारे साडेचार हजार हेक्टर. काजूच्या कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर एक ढेकूण पडतो. कोकणात त्याला ढेकण्या म्हणतात, इंग्रजी नावात मात्र तो चहाचा डास आहे. तो रस शोषतो, मोहोर करपतो आणि पीक जाते. झाडे उंच, जागा डोंगराळ, मजूर कमी. तेव्हा महामंडळाने हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारण्याचा मार्ग धरला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत, साधारण वर्षातून दोन-तीन वेळा, ही फवारणी होत राहिली.

एंडोसल्फान हे क्लोरीनयुक्त गटातील कीटकनाशक. १९५० च्या दशकात जर्मनीत विकसित झाले. डीडीटीपेक्षा लवकर विघटन पावते म्हणून ते तुलनेने सौम्य मानले जाई. पण त्याच्या विघटनातून तयार होणारे एंडोसल्फान सल्फेट मातीत जास्त काळ टिकते आणि मूळ रसायनाइतकेच विषारी असते. माशांच्या बाबतीत तर ते अत्यंत घातक आहे. पुढे भारत हा एंडोसल्फानचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक झाला. नंतरच्या वादात भारत सरकारने घेतलेली भूमिका समजण्यासाठी हा तपशील विसरू नये.

येथे शेतीशास्त्रातलाही एक मुद्दा आहे. झाडाची पाने जोडून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या या ढेकण्याला खातात, हे काजूवरील संशोधनातून पुढे आले आहे. वरून सरसकट औषध पडले की कीड मरते तशी ही फौजही मरते. कीड पुन्हा येते, मुंग्या तितक्या लवकर येत नाहीत, आणि मग पुढच्या वर्षीची फवारणी गरजेची ठरते. कापसात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. लागवडीखालील क्षेत्राच्या सुमारे ५ टक्के जमीन व्यापणाऱ्या या पिकावर एके काळी देशातील निम्मी कीटकनाशके पडत, आणि तरीही १९८० च्या दशकाच्या अखेरीस आंध्र प्रदेशात बोंडअळी आणि पांढरी माशी आटोक्यात आली नाही.

कोणी पाहिले?

इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी कासरगोडमधील सर्वांत शिकण्यासारखा भाग म्हणजे तेथील साधने. नुकसानीची पहिली नोंद कोणत्याही सरकारी अहवालात नाही. श्री पडरे हे सुपारीचे बागायतदार आणि शेतीविषयक पत्रकार. परिसरात व्यंग असलेली वासरे जन्मत आहेत हे त्यांनी १९७९ च्या सुमारास पाहिले आणि त्यावर लिहिले. वाणीनगर येथे दवाखाना चालवणारे डॉ. वाय. एस. मोहनकुमार यांच्या लक्षात आले की एका छोट्या परिसरातून मेंदूचे, जन्मजात व्यंगाचे आणि कर्करोगाचे रुग्ण प्रमाणाबाहेर येत आहेत. लीलाकुमारी अम्मा या तर कृषी खात्यातच अधिकारी होत्या. पेरिया भागात राहायला आल्यावर घरावरून होणारी फवारणी त्यांनी अनुभवली. तक्रारी अर्ज केले, उपयोग झाला नाही, तेव्हा त्या १९९८ मध्ये होसदुर्गच्या मुन्सिफ न्यायालयात गेल्या आणि हवाई फवारणीला मनाई मिळवली. मुन्सिफ न्यायालय म्हणजे न्यायव्यवस्थेतली अगदी तळची पायरी.

बागायतदाराचा लेख, डॉक्टरांची निरीक्षणे, कनिष्ठ न्यायालयातला दावा. या प्रकरणाचे मूळ दप्तर हे आहे. कायद्यात विषबाधेच्या घटना कळवण्याची तरतूद आहे, पण ती 'घटना' कळवण्याची आहे. वीस वर्षांत एका गावात जन्मलेली अपंग मुले ही घटना नव्हे. त्या प्रत्येक मुलाची नोंद वेगळी, कारण वेगळे, तारीख वेगळी. त्या नोंदी एकत्र ठेवून पाहणारे कोणीतरी लागते, आणि ते काम कोणत्याही खात्याच्या वाट्याला दिलेले नव्हते.

पुरावा म्हणजे काय?

२००१ पासून अभ्यासांची रांग लागली. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने पडरे गावातील नमुने तपासले आणि माणसांच्या रक्तासह अनेक ठिकाणी एंडोसल्फानचे मोठे प्रमाण आढळल्याचे सांगितले. महामंडळाने नेमलेल्या संस्थेला रक्तात वा पाण्यात अवशेष सापडले नाहीत. केंद्र सरकारने नेमलेल्या ओ. पी. दुबे समितीने आजार आणि एंडोसल्फान यांचा संबंध सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष घातल्यानंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने जो अभ्यास केला, तो पद्धतीच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याचा एक भाग हबीबुल्ला सय्यद आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. बागांच्या पायथ्याच्या गावातील १० ते १९ वयाचे ११७ मुलगे आणि फवारणीशी संबंध न आलेल्या गावातील ९० मुलगे यांची तुलना त्यांनी केली. पहिल्या गटाच्या रक्तात एंडोसल्फानचे सरासरी प्रमाण अब्जात ७.४७ भाग होते, दुसऱ्यात १.३७. पहिल्या गटातील मुलांची लैंगिक वाढ उशिरा होत असल्याचेही दिसले. उद्योगाच्या बाजूने या अभ्यासावर आक्षेप घेतले गेले, त्यातील काही रासायनिक तपासणीच्या पद्धतीवर होते. गट लहान होते, हेही खरे. तरीही येथे एक गोष्ट घडली होती जी आधीच्या वीस वर्षांत कोणी केली नव्हती : दोन गावे शेजारी ठेवून मोजमाप.

या वादाकडे पाहताना काळाचा घटक विसरता कामा नये. २००० मध्ये फवारणी थांबली. उष्ण, पावसाळी प्रदेशात पाण्यातले आणि रक्तातले एंडोसल्फान हळूहळू कमी होत जाते. जितक्या उशिरा नमुना घ्यावा तितका तो स्वच्छ निघणार, पण व्यंग घेऊन जन्मलेले मूल तसेच राहणार. मग 'अवशेष आढळले नाहीत' हे वाक्य निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही, तर फक्त तपासणीची तारीख सांगते. माझ्या मते या प्रकरणातला खरा अन्याय येथे आहे. फवारणीपूर्वी गावाची आरोग्य पाहणी करण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. फवारणीनंतर मात्र प्रत्येक आजाराचा संबंध सिद्ध करण्याची जबाबदारी आजारी माणसावर आली. कासरगोडमधील प्रत्येक आजार एंडोसल्फाननेच झाला, असे म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही.

बंदी आणि भरपाई

केरळने आपल्यापुरता एंडोसल्फानचा वापर आधीच थांबवला होता. मानवाधिकार आयोगाने डिसेंबर २०१० मध्ये भरपाईची शिफारस केली. एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हा येथे टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या सदस्य देशांनी एंडोसल्फानचा समावेश बंदीच्या यादीत केला. भारताचा आधी विरोध होता. काही पिकांसाठी सवलतीची मुदत मिळाल्यावर तो मावळला. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पादन, विक्री आणि वापरावर अंतरिम बंदी घातली. लक्षात घ्या, ही बंदी कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी समितीने घातलेली नव्हती. ती जीविताच्या मूलभूत हक्काच्या आधारे मागितलेल्या दाद-याचिकेतून आली.

१० जानेवारी २०१७ रोजी न्यायालयाने बाधितांना प्रत्येकी पाच लाख रुपये तीन महिन्यांत द्यावेत असा आदेश केरळ सरकारला दिला. मे २०२२ मध्ये अवमान याचिकेच्या सुनावणीत उघड झाले की ३,७०४ बाधितांपैकी केवळ ८ जणांना रक्कम मिळाली होती, आणि ते आठही जण स्वतः न्यायालयात आलेले होते.

दोन अलीकडचे प्रसंग

जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते. हे १९५८ चेच चित्र : अन्न आणि विष एकत्र आले. कायदा याच प्रसंगासाठी लिहिला होता, तरी तो शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर रुग्णालयात येऊ लागले. २० हून अधिक मृत्यू झाले, शेकडो जण आजारी पडले. त्या वर्षी कापूस माणसाच्या उंचीपेक्षा वर गेला होता आणि अळी बीटी वाणांनाही जुमानत नव्हती. दोन-तीन औषधे एकत्र मिसळून, डोक्याच्या वर नळी धरून फवारणी चालू होती. हातमोजे, मुखपट्टी आणि उतारा यांविषयीचे नियम १९७१ पासून पुस्तकात आहेत. महाराष्ट्र सरकारने कलम २७ चा आधार घेऊन पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर विदर्भातील पाच जिल्ह्यांत बंदी घातली. बंदी ६० दिवसांची होती. आदेश नोव्हेंबरमध्ये निघाला, तोवर कापसाची वेचणी सुरू झाली होती.

१९६८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये राज्यसभेत विधेयके मांडली गेली. त्यांपैकी एकाचाही कायदा झाला नाही.